व्हेनिसचा रस्ता दारातच का थांबतो?

व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. व्हेनिसपर्यंत मोटारीने थेट जाता येतं, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसतं. इटलीच्या मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेहून निघालं की खाऱ्या पाण्यावरून जाणारा एक चौपदरी पूल लागतो. पाण्यापासून फार उंच नाही, टोल नाही, चढ-उतारही फारसा जाणवत नाही. शेजारून रेल्वे पळत असते. ३.८५ किलोमीटर गेलं की पियात्साले रोमा नावाचा मोठा चौक येतो. बसगाड्या तिथे वळून माघारी फिरतात आणि रस्ता संपतो. त्यापुढे गल्ल्या, कालवे आणि पायऱ्यांचे छोटे पूल. ज्याला पुढे जायचं त्याने चालावं, नाहीतर बोटीत बसावं.

या पुलाचं नाव पोंते देल्ला लिबेर्ता, म्हणजे स्वातंत्र्य पूल. दिसायला अगदी साधा. उंच मनोरे नाहीत, ताणलेल्या तारा नाहीत, आणि त्याचा फोटो काढायला कोणी बसमधून उतरत नाही. तरीही गेल्या दोनशे वर्षांतलं व्हेनिस समजून घ्यायचं असेल, तर तिथल्या प्रसिद्ध सान मार्को चौकापेक्षा हा पूल जास्त सांगून जातो, असं माझं मत आहे. कारण पूल बांधणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तो कुठे थांबवायचा, हे ठरवणं अवघड होतं.

कमरेइतकं पाणी, पण चालत जाता येत नाही

व्हेनिस भर समुद्रात नाही, खाजणात आहे. एड्रियाटिक समुद्र आणि इटलीचा किनारा यांच्या मध्ये वाळूच्या लांबट पट्ट्यांची एक रांग आहे. तिच्या आतल्या बाजूला अडकलेलं उथळ खारं पाणी म्हणजे हे खाजण. क्षेत्रफळ सुमारे ५५० चौरस किलोमीटर, आणि सरासरी खोली दीड मीटरच्याही आत. ओहोटीला कित्येक ठिकाणी नुसता चिखल उघडा पडतो.

मग चालत का जाता येत नाही? कारण तळाशी घट्ट जमीन नाही, पाय रुतत जातो. आणि होडीनेही कुठूनही जाता येत नाही. या उथळ पाण्यातून खोल पाण्याच्या वाटा नागमोडी गेलेल्या आहेत. मोठ्या नावेला त्याच वाटेने जावं लागतं. वाट कुठून जाते हे दाखवायला चिखलात लाकडी खांबांचे जुडगे रोवलेले असतात. युद्धाचा प्रसंग आला की व्हेनिसचे लोक हे खांब उपटून टाकत. वाट माहीत नसलेलं गलबत गाळात रुतून बसे. हजार वर्षं या शहराला तटबंदीची गरज पडली नाही ती यामुळे. पूल नसणं ही अडचण नव्हती, तो बंदोबस्त होता.

आता प्रश्न असा, की इतक्या उथळ पाण्यात पूल कशाला? माती-दगड टाकून सरळ बांध घातला असता तर स्वस्तात काम झालं असतं. पण तसं केलं असतं तर शहराचा श्वास कोंडला असता. हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

समुद्र आणि खाजण यांना जोडणारी तीन तोंडं आहेत: लीदो, मालामोक्को आणि क्योज्जा. भरतीचं पाणी साधारण सहा तास आत येतं आणि साधारण सहा तास बाहेर जातं. व्हेनिसचे कालवे याच पाण्यावर धुतले जातात. जुन्या शहरात भूमिगत गटारांचं आधुनिक जाळं सगळीकडे नाही. कित्येक घरांचं सांडपाणी आजही टाक्यांमधून किंवा जुन्या नाल्यांमधून कालव्यात जातं आणि ओहोटी ते घेऊन जाते. खाजणाच्या मधोमध बांध घातला, की उत्तरेचं पाणी दक्षिणेला मिळणं बंद. जिथे प्रवाह मंदावतो तिथे गाळ बसतो, गाळ बसला की पाणी आणखी उथळ होतं, आणि हळूहळू खाजणाचं दलदलीत रूपांतर होतं. व्हेनिसकरांना हे पुरतं माहीत होतं. ब्रेंता, सिले, पियावे या नद्या गाळ आणून खाजण बुजवतील म्हणून त्यांनी कित्येक शतकं खपून त्या नद्यांची तोंडंच दुसरीकडे वळवली होती. अशा लोकांच्या अंगणात कोणी भराव घालणं शक्यच नव्हतं. म्हणून कमानी: पाणी खालून, माणसं वरून.

आधी आली रेल्वे

रस्त्याच्या पुलाआधी ८७ वर्षं रेल्वेचा पूल झाला. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं आणि पुढे शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेलं. बंदराचा धंदा त्रिएस्ते या ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या बंदराकडे सरकू लागला होता. मिलान ते व्हेनिस लोहमार्ग टाकायचं ठरलं, तेव्हा शेवटचा टप्पा पाण्यावरून न्यायचा की स्टेशन मुख्य भूमीवरच ठेवायचं, यावर जोरदार वाद झाला. पूलवाले आणि पूलविरोधी असे दोन तट पडले. पूलवाले जिंकले. १८४१ मध्ये काम सुरू झालं आणि ११ जानेवारी १८४६ रोजी २२२ कमानींचा पूल खुला झाला.

कमानी इतक्या का, आणि इतक्या लहान का? इथे थोडं यंत्रशास्त्र येतं, पण अवघड नाही. खाजणाच्या तळाशी वर मऊ गाळ आणि त्याखाली काही मीटरवर कडक चिकणमातीचा एक थर आहे. व्हेनिसचे वाडे जसे लाकडी खुंटांवर उभे आहेत, तसाच हा पूलही. गाळातून खाली खुंट ठोकायचे आणि त्यांच्या डोक्यावर दगडी पाया बांधायचा. गाळात पुरलेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते सहसा कुजत नाही. पण एकेका पायावर फार ओझं टाकणं मात्र धोक्याचं. म्हणून मोजक्या मोठ्या कमानींऐवजी पुष्कळ छोट्या कमानी, म्हणजे ओझं वाटलं जातं.

कमानीची एक खोड असते. वरचं वजन खाली उतरताना ती आपले पाय बाहेरच्या बाजूला रेटते. ओळीत कमानी असल्या की शेजारची कमान उलट्या दिशेने तितकंच रेटते आणि हिशेब जुळतो. पण मधली एक कोसळली, तर तिच्या दोन्ही शेजारणींचा आधार जातो आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी सगळी रांग खाली येऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे ठराविक अंतरावर एक असा जाडजूड आधार, जो एका बाजूचा रेटा एकट्याने सोसेल. व्हेनिसच्या रेल्वे पुलाच्या २२२ कमानी ३७-३७ च्या सहा गटांत वाटल्या होत्या आणि गटांच्या मध्ये पाच रुंद चौथरे होते. एक गट गेला तरी बाकीचा पूल उभा राहील, अशी योजना.

तीन वर्षांतच या योजनेची परीक्षा झाली, आणि तीही स्वतः व्हेनिसकरांनीच घेतली. १८४८ मध्ये दानिएले मानीनच्या नेतृत्वाखाली शहराने ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव करून पुन्हा प्रजासत्ताक जाहीर केलं. ऑस्ट्रियन सैन्याने वेढा दिला. मे १८४९ मध्ये मुख्य भूमीवरचा मार्गेराचा किल्ला पडला. आता शत्रू थेट पुलावरून चालत येणार. मग व्हेनिसकरांनी नव्याकोऱ्या पुलाच्या काही कमानी सुरुंगाने उडवल्या आणि मधल्या रुंद चौथऱ्यावर तोफा मांडल्या. रेटा सोसायला बांधलेला चौथरा तोफांचा मोर्चा म्हणून कामी आला. त्या वर्षी उन्हाळाभर या तुटक्या पुलावरून दोन्हीकडून तोफा डागल्या जात होत्या. अखेर भूक आणि कॉलरा यांनी शहराला जेरीस आणलं आणि ऑगस्टमध्ये व्हेनिस शरण गेलं. पुलाची डागडुजी झाली, गाड्या पुन्हा धावू लागल्या. १८६६ मध्ये व्हेनिस इटलीत सामील झालं.

पूलविरोधकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे या प्रकरणात दिसलं. ज्या वाटेने धान्य येतं त्याच वाटेने सैन्यही येऊ शकतं.

मग मोटारी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाद नव्याने पेटला. १९१० मध्ये कवी मारिनेत्ती आणि त्याच्या फ्युचरिस्ट, म्हणजे जुनं मोडून यंत्रयुगाचा जयघोष करणाऱ्या, कलावंत साथीदारांनी पत्रकं वाटून जाहीर मागणी केली, की पडक्या वाड्यांचा राडारोडा टाकून हे घाणेरडे कालवे बुजवा आणि आधुनिक शहर उभारा. दुसऱ्या टोकाला असे लोक होते, ज्यांना शहराची एक वीटही हललेली चालत नव्हती.

निकाल लागला तो कारखान्यांमुळे. १९१७ मध्ये उद्योगपती जुझेप्पे वोल्पीच्या पुढाकाराने मुख्य भूमीच्या काठावर मार्गेरा बंदर आणि औद्योगिक वसाहत उभारायला सुरुवात झाली. योजना धूर्त होती: धूर, कोळसा, रसायनं, मोठी जहाजं पलीकडे, कला, हॉटेलं, संग्रहालयं अलीकडे. १९२६ मध्ये मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत विलीन केलं गेलं. म्हणजे आता एकाच शहराचे दोन तुकडे झाले, मध्ये पाणी, आणि जोडायला फक्त रेल्वे. रस्ता येणार हे उघड होतं.

काम एउजेनियो मिओत्सी या अभियंत्याकडे आलं. १९३१ पासून तो पालिकेचा मुख्य अभियंता होता. त्याने नवा पूल जुन्या रेल्वे पुलाला लगटून टाकला. याचा फायदा स्पष्ट आहे. पाण्याच्या वाटेत दुसरीकडे नवा अडथळा उभा राहिला नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही पूल मिळून एकच रेघ दिसते. विटा आणि इस्ट्रियाचा पांढरा दगड वापरून त्याचं रूपही जुन्याशी मिळतंजुळतं ठेवलं. काँक्रीटच्या उमेदीच्या काळात, दिमाखाची हौस असलेल्या फॅसिस्ट राजवटीत, इतका संयमी पूल व्हावा याचं मला नवल वाटतं. काम सुमारे दोन वर्षांत उरकलं.

उद्घाटनाचा दिवस होता २५ एप्रिल १९३३, व्हेनिसचा संरक्षक संत मार्क याचा सणाचा दिवस. नाव ठेवलं पोंते लित्तोरियो, फॅसिस्टांच्या चिन्हावरून. बारा वर्षांनी, १९४५ मध्ये फॅसिस्ट राजवट संपली आणि पुलाचं नाव स्वातंत्र्य पूल झालं. योगायोग असा, की इटलीचा मुक्तिदिन म्हणून जी तारीख ठरली तीही २५ एप्रिलच.

थांबायचं कुठे?

रस्ता बेटाला लागला, आता पुढे काय? पर्याय तीन होते. एक, रस्ता शहरात घुसवायचा आणि त्यासाठी घरं पाडायची, कालवे बुजवायचे. दोन, पूल लांबवून बेटाच्या कडेकडेने फिरवायचा. तीन, टेकल्या ठिकाणीच थांबायचं. मिओत्सी थांबला. शहराच्या पश्चिम टोकाला जागा मोकळी करून पियात्साले रोमा हा चौक तयार केला आणि १९३४ मध्ये त्याच्या कडेला अनेक मजली मोटारतळ उभारला. गोल वळत जाणाऱ्या उतरंडीवरून गाड्या वर चढतात. लोकांनी कालव्याकाठचे वाडे पाहावेत म्हणून गाड्या आधी इथे जिरवायच्या. ही इमारत आजही वापरात आहे.

पण नुसता चौक करून भागत नाही. हजारो माणसं एका कोपऱ्यात उतरली तर ती शहरात पसरणार कशी? म्हणून मिओत्सीने त्याच सुमारास बरंच काही जोडीला केलं. पियात्साले रोमापासून ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्याच्या मधल्या वळणापर्यंत रियो नोवो हा जवळचा कालवा खणला, म्हणजे बोटींचा मोठा वळसा वाचला. ग्रँड कॅनॉलवरचे एकोणिसाव्या शतकातले दोन लोखंडी पूल काढून तिथे नवे पूल दिले: स्टेशनसमोर दगडी स्काल्झी पूल आणि पुढे लाकडी अकादेमिया पूल. अकादेमियाचा पूल तात्पुरता म्हणून बांधला होता. लोकांना तो इतका आवडला की पुढे तो बदलायची वेळ आली तेव्हाही पुन्हा तसाच बांधला गेला. रियो नोवोचं मात्र फारसं बरं झालं नाही. मोटरबोटींच्या लाटा आपटून त्याच्या काठांची झीज होत राहिली. गाड्यांना बाहेर ठेवलं तरी यंत्राचा वेग पाण्यातून आत शिरतोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी रस्ते खाजणावरून आणण्याच्या, पाण्याखालून बोगदा काढण्याच्या योजना पुन्हा पुन्हा निघाल्या. एकही प्रत्यक्षात आली नाही. गाड्या वाढल्या तेव्हा पुलाच्या टोकाशी भराव घालून त्रोंकेत्तो हे कृत्रिम बेट केलं आणि तिथे आणखी मोटारतळ झाला. २०१० पासून तिथून पियात्साले रोमाला दोरावर चालणारी छोटी गाडी जाते. म्हणजे दरवाजा रुंद केला, पण उंबरठा जिथल्या तिथे ठेवला.

एक अपवाद सांगायला हवा. लीदोच्या वाळूच्या पट्ट्यावर मोटारी आणि बसगाड्या चालतात. त्या पुलावरून नव्हे, त्रोंकेत्तोहून मोठ्या फेरीबोटीत चढून जातात.

उंबरठ्याच्या आत

रस्ता संपतो तिथे व्हेनिसची खरी मालवाहतूक सुरू होते. ट्रकमधून आलेला माल, मग तो दुधाचा असो की कपडे धुण्याच्या यंत्राचा, बोटीत चढतो. बोट कालव्याने दुकानाच्या जितक्या जवळ जाता येईल तितकी जाते. तिथून हातगाडी. या हातगाड्या बघण्यासारख्या असतात. मागे दोन मोठी चाकं, आणि पुढे दांड्यांच्या टोकाला दोन छोटी. पायऱ्यांचा पूल आला, की हमाल गाडी मागे कलती करतो, पुढची छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवतो आणि मोठी चाकं ओढून घेतो. एक पायरी, मग पुढची. शहरात असे चारशेहून जास्त पूल आहेत. उतरताना गर्दीला बाजूला करण्यासाठी ‘पाय सांभाळा’ असा पुकारा चाललेला असतो. रुग्णवाहिका म्हणजे बोट, अग्निशमन दल म्हणजे बोट, कचऱ्याची गाडी म्हणजेही बोट. गल्ल्यांतून सायकल चालवायलासुद्धा मनाई आहे.

माल तीनदा हाताळावा लागतो, म्हणजे मजुरी तीनदा. व्हेनिसमध्ये राहणं महाग पडतं त्याचं हे एक कारण. घराची दुरुस्ती काढली तर विटा बोटीने आणायच्या आणि राडारोडा बोटीनेच न्यायचा.

आणि इथेच पुलाचा उलटा परिणाम दिसतो. पूल बांधला तो व्हेनिसला जगाशी जोडायला. पण पूल काही एकाच दिशेने चालत नाही. १९५१ च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. घरं ओलसर, तळमजले भरतीत भिजणारे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात पाणी १९४ सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत चढलं, आणि कित्येकांनी तळमजले कायमचे सोडले. पलीकडे मेस्त्रेत लिफ्टची इमारत, दारात गाडी, कारखान्यात नोकरी. आणि मधलं अंतर बसने पंधरा-वीस मिनिटांचं. माणसं निघून गेली आणि रोज कामाला परत येत राहिली. २०२२ मध्ये जुन्या शहरातल्या रहिवाशांची संख्या ५० हजारांच्या खाली गेली. मुख्य भूमीवरच्या भागात आज त्याच्या तिपटीहून जास्त लोक राहतात.

दोष पुलाचा एकट्याचा नाही. घरं पर्यटकांना भाड्याने देण्यात मिळणारा पैसा, महागाई, पूर, मार्गेराच्या कारखान्यांनी आधी दिलेल्या आणि नंतर काढून घेतलेल्या नोकऱ्या, सगळं त्यात आहे. पण पूल नसता तर इथे काम आणि तिथे घर, अशी सोय इतक्या सहज झाली नसती. रेल्वेने ही वाट उघडली होती. बसने ती रोजच्या सवयीची केली.

या दोन तुकड्यांचा संसार नीट जमलेलाही नाही. व्हेनिस आणि मेस्त्रे यांच्या नगरपालिका वेगळ्या कराव्यात का, यावर १९७९ पासून २०१९ पर्यंत पाच वेळा सार्वमत झालं. पाचही वेळा फारकत झाली नाही; शेवटच्या खेपेला तर पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत. दरम्यान, २०१५ मध्ये मेस्त्रेची ट्राम याच पुलावरून पियात्साले रोमापर्यंत आली. रबरी टायरवर चालणारी आणि मधल्या एकाच रुळाच्या आधाराने वळणारी ही ट्राम पुलावर मोटारींच्याच मार्गिकेतून धावते. पुलाला बाजूला थांबायची वेगळी पट्टी नसल्याने मोठा अपघात झाला की सगळंच खोळंबतं. तेवढ्या वेळापुरतं व्हेनिस पुन्हा रेल्वेच्या आणि बोटींच्या भरवशावर येतं.

२५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने गर्दीच्या ठराविक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून ५ युरो प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी दिवस वाढवले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो केले. नियम वाचले तर गंमत कळते. पूल ओलांडायला पैसे नाहीत. पियात्साले रोमा किंवा त्रोंकेत्तोला उतरून शहरात न शिरता पुढे निघून गेलात, तरी नाहीत. मिओत्सीचा रस्ता जिथे संपतो, साधारण तिथेच शुल्काची हद्द सुरू होते. आणि मेस्त्रेतल्या हॉटेलात उतरलेला पाहुणा रोज बसने पूल ओलांडून आत गेला तरी त्याला हे शुल्क माफ आहे, फक्त नोंदणी करावी लागते. कारण १९२६ च्या त्या विलीनीकरणामुळे, कागदोपत्री तो व्हेनिसमध्येच मुक्कामाला असतो.